फागीनं निवडलेले बूट

साखरशेतच्या पाड्यावर फागी भोयेला सगळे ओळखायचे ते तिच्या आवाजासाठी. समोरच्या डोंगरावरच्या गुराख्याला हाक घालायची झाली, की लोक तिच्या अंगणात येत. ती कमरेवर हात ठेवून अशी आरोळी द्यायची, की गुराख्याच्या आधी गुरंच माना वर करत. पण ही बाई एक दिवस धावण्यासाठी ओळखली जाईल, असं कोणी म्हटलं असतं तर पाडा हसला असता, आणि सगळ्यांत मोठ्यानं फागीच हसली असती.

धावणं सुरू झालं ते लेकीपायी. हर्षदा ही तिची धाकटी. जव्हारच्या कॉलेजात शिकता शिकता तिनं पोलीस भरतीचं मनावर घेतलं. रोज उजाडायच्या आत उठून डांबरी रस्त्यावर धावायचं. रस्ता जंगलातला, वळणावळणाचा, त्या वेळेला सामसूम. पोरीला एकटीला कसं सोडायचं? फागीचा नवरा पांड्या कमरेच्या दुखण्यानं जायबंदी झालेला. तरुणपणी वीटभट्टीवर ओझी वाहिली, ती आता कमरेत बसली होती. म्हणून फागीच काठी घेऊन लेकीबरोबर निघायची. ती ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसून राहायची आणि हर्षदा वळणापर्यंत जाऊन परत यायची.

थंडी पडली तशी कठड्यावर बसवेना. दगड बर्फासारखा गार. मग फागी चालायला लागली. चालताना तिच्या ध्यानात आलं, की पोरगी वळणापलीकडे गेली की दिसत नाही. दिसावी म्हणून ती पाय उचलायला लागली. पाय उचलता उचलता कधी धावायला लागली, ते तिचं तिलाही कळलं नाही. हर्षदानं मात्र मागं वळून पाहिलं आणि ती रस्त्यातच थांबली.

“आई, तू धावतेस!”

“धावत नाय. तुझ्यावर नजर ठेवते.”

“नजर ठेवत ठेवत धावतेस ना पण?”

“मग काय झाला? तू पुढं बघ.”

त्या दिवसापासून काठी घरीच राहिली. भाताच्या लावणीत आणि नाचणीच्या वरकस जमिनीत वाकून वाकून आखडलेली पाठ सकाळच्या गार वाऱ्यात मोकळी होते, हे फागीला जाणवायला लागलं. लेकीच्या बरोबरीनं तिला जाता येत नसे, पण ती थांबतही नसे. बैल औताला लागला की कसा एका चालीनं तास काढतो, तशी तिची चाल होती.

हर्षदा भरती झाली. पाड्यावरची पहिली पोलीस! ढोल वाजला, तारपा वाजला, फागीनं नाचून नाचून पाय दुखवून घेतले. मग पोरगी प्रशिक्षणाला निघून गेली. दुसऱ्या दिवशी अंधारातच फागीचे डोळे उघडले. उठवायला कोणी नव्हतं आणि कोणाच्या मागं जायचंही नव्हतं. ती थोडा वेळ आढ्याकडे बघत पडून राहिली. मग उठली, कासोटा घट्ट केला आणि रस्त्याला लागली.

शेजारची सुकरी पाण्याला निघाली होती. तिनं विचारलं, “लेक तर गेली. आता कुणाच्या मागं धावतेस गं?”

“कुणाच्या नाय,” फागी म्हणाली. “आता मीच पुढं.”

हे बोलताना तिला स्वतःचंच नवल वाटलं. घर, शेत, नवरा, पोरं, गुरं, यांतल्या कुणासाठीही नसलेलं असं काही तिनं आजवर केलंच नव्हतं.

फागीच्या पायांची मात्र वेगळी गत होती. लहानपणी मोखाड्याकडच्या माहेरी ती कायम अनवाणी. पुढं आयुष्यभर रबरी स्लीपर. चिखलात रोवून, ढेकळांवर चालून, कड्यावरून मोळ्या उतरवून तिचे पाय सुपासारखे पसरले होते. पाची बोटं सुटी सुटी. धावताना स्लीपर मागं राहायची, म्हणून ती अनवाणीच धावे. पण त्या वर्षी रस्त्याची डागडुजी झाली आणि सगळीकडे बारीक, टोकदार खडी पसरली. तळवे सोलवटले. वर टाच ठणकायला लागली. सकाळी अंथरुणातून पहिलं पाऊल टाकलं की कळ पार मांडीपर्यंत जायची.

उपकेंद्रातल्या सिस्टरनं टाच दाबून पाहिली, रक्तदाब पाहिला. “मावशी, धावणं सोडू नका, तब्येत छान आहे तुमची. थोडे दिवस टाचेला विश्रांती द्या. आणि डांबरावर अनवाणी नको. या वयात टाचेखाली मऊ काहीतरी पाहिजे. बूट घ्या.”

हर्षदाचे जुने बूट घरात पडले होते. फागीनं पाय आत सारला. लांबी पुरली, पण रुंदीत पाय मावेना. तशीच धावली, तर करंगळीचं नख काळंनिळं झालं. ते पाहून पांड्यानं शक्कल लढवली. विळा घेतला आणि बुटाची कड करंगळीपाशी कापून काढली. बाहेर आलेलं बोट पाहून दोघं पोट धरून हसले. त्या भोकातून खडी आत जायची. चार पावलं टाकली की बूट काढून झटकायचा. शेवटी फागीनं ते बूट अडगळीत टाकून दिले.

हर्षदाचा फोन आला. “आई, तुझ्या पायाचा नंबर सांग. मी मागवते, घरपोच येतील.”

“नंबर मना काय ठावं? आणि पाय माझा, तू तठं बसून बूट कसा निवडशील? मी जव्हारला जाते. घालून बघीन, मगच घेईन.”

हर्षदाला आईचा स्वभाव ठाऊक होता. तिनं प्रशिक्षणात शिकलेलं सगळं फोनवर सांगितलं. दुपार कलल्यावर जा, दिवसभर चालून पाय फुगलेला असतो. अंगठ्याच्या पुढं बोटभर जागा सुटली पाहिजे. टाच मात्र मागं निसटता कामा नये. “आणि दुकानदार म्हणाला ना, वापरून वापरून सैल होतील, तर घेऊ नको. पहिल्यांदा घातल्यावर जो बरा वाटेल तोच आपला.”

नाचणीची मळणी उरकली आणि एका दुपारी फागी एसटीनं जव्हारला आली. अंगावर धुतलेलं लुगडं, पायात स्लीपर. पहिल्या दुकानात केयूर नावाचा तरुण मोबाईल बघत बसला होता. त्यानं मान वर केली आणि न विचारताच एक मऊ, काळी चप्पल पुढं ठेवली.

“घ्या मावशी. गुडघेदुखीवर एकदम चांगली.”

“गुडघं दुखत नाय माझं. धावायचा बूट पाहिजे.”

“कोणासाठी? नातवाला?”

“मना.”

केयूर हसला. त्यात वाईटपणा नव्हता, पण फागीला ते लागलं. त्यानं बायकांचे बूट काढले, गुलाबी, निमुळते, वर चकचकीत पट्ट्या. फागीचा चवडा अर्ध्यातच अडकला. “तुमचा पाय जरा... वेगळा आहे,” तो म्हणाला.

“पाय चांगला आहे,” फागी म्हणाली. “बूट चिंचोळा आहे.” आणि ती पायऱ्या उतरली.

बाजारपेठेच्या चढाखाली आणखी एक दुकान होतं. गल्ल्यावर आशालताबाई बसल्या होत्या. साठीला टेकलेल्या, चष्मा नाकावर, चेहरा करडा. यजमान आजारी पडल्यापासून दुकान त्याच चालवत. त्यांनी फागीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि एवढंच विचारलं, “काय दाखवू?”

“धावायचा बूट. माझ्या पायाचा.”

आशालताबाई हसल्या नाहीत. “रोज धावता?”

“रोज.”

“कुठं? मैदानात की रस्त्यावर?”

“डांबरी रस्ता. चढ-उताराचा. मधी खडी.”

“बसा. स्लीपर काढा.”

बाईंनी पायाखाली पुठ्ठा ठेवला आणि पेन्सिलीनं दोन्ही पावलांच्या कडा ओढल्या. उजवं पाऊल डाव्याहून किंचित मोठं निघालं. फागीला हे आयुष्यात पहिल्यांदाच कळलं. ती पुठ्ठ्याकडे बघतच राहिली. आपल्या पायाचं चित्र कुणी काढेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

“मोठ्या पायाच्या मापानं घ्यायचं,” आशालताबाई म्हणाल्या. “पण बायकांच्या बुटात तुमची रुंदी मिळणार नाही. पुरुषांचा दाखवते.”

फागीनं पाय मागं घेतला. “बाप्याचा बूट? पाड्यावर लोक काय म्हणतील?”

“लोक काय म्हणायचे ते म्हणू देत. करंगळी कोणाची चिरडणार, लोकांची?”

यावर दोघीही पहिल्यांदा हसल्या.

पहिला जोड पांढरा, तळाला जाड. पाय घातल्याबरोबर गादीवर उभं राहिल्यासारखं वाटलं. फागी दुकानातल्या दुकानात दोन फेऱ्या चालली आणि थांबली. “मऊ आहे. पण डुलतो. खालची जमीन कळत नाय. उतारावर पाय मुरगळंल.”

दुसरा टणक. वाकवला तर वाकेना. “हा लाकूड आहे.”

“तुम्हाला काय पाहिजे ते नक्की माहीत आहे,” आशालताबाई म्हणाल्या आणि शिडीवर चढल्या. वरच्या फळीवरून धूळ बसलेलं एक खोकं काढलं. करड्या रंगाचा बूट, कडेनं पोपटी पट्टी, पुढून चांगला रुंद. फागीनं पाय घातला. बोटं आत पसरली, एकमेकींना न भिडता. टाच धरली गेली. अंगठ्यापुढं बोटभर जागा. ती उभी राहिली आणि तिनं दोन्ही चवडे दाबून पाहिले.

“कसा वाटतो?”

“उभ्यानं बरा वाटतो. धावून बघितल्याबिगर कसा सांगू?”

आता बाईंचा चेहरा पुन्हा करडा झाला. दुकानात धावायला जागा नव्हती, आणि नवा बूट रस्त्यावर गेला की तो नवा राहत नाही. त्यांनी बुटाकडे पाहिलं, फागीच्या पायांकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या चढाकडे.

“जा,” त्या म्हणाल्या. “वरच्या चौकापर्यंत जाऊन या. नाही पटला तर नका घेऊ. बूट मळला तर मी पुसून घेईन.”

फागीनं कासोटा आवळला, पदर खोचला आणि निघाली. नाडीला लटकलेली किमतीची चिठ्ठी फडफडत होती. बाजाराचा दिवस, रस्त्यावर गर्दी. भाजीवाल्या बाया बघायला लागल्या. चहाच्या टपरीवरच्या माणसांनी कप तोंडाशीच धरले. फागीला कशाचं भान नव्हतं. तिचं सगळं लक्ष पायांत होतं. खडी टोचत नव्हती, टाच बोलत नव्हती, आणि तरीही रस्ता कळत होता. बूट घातलाय की नाही, हेच विसरायला झालं.

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, “अरे, बूट घेऊन पळाली! धरा!”

शेजारच्या कापडदुकानातला हेमंत कापड मोजायची मीटरपट्टी टाकून धावत आला आणि त्यानं फागीचा दंड पकडला. “दुकानातले बूट घालून पळतेस होय?”

गर्दी जमली. आता कोणी हसत नव्हतं. फागीनं आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांच्या नजरा आधी तिच्या लुगड्यावर, मग चिठ्ठीवर आणि मग चेहऱ्यावर येत होत्या, आणि त्या नजरांनी ठरवून टाकलं होतं. तिचं अंग तापलं. पाड्यावरची कितीतरी माणसं अशा वेळी मान खाली घालून, हात जोडून उभी राहिलेली तिनं पाहिली होती. वीटभट्टीवर मुकादमापुढं ती स्वतःही तशी उभी राहिली होती.

या वेळी तिनं मान खाली घातली नाही.

“हात सोड,” ती म्हणाली. डोंगरापलीकडे जाणारा तो आवाज बाजारपेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. भाजीच्या टोपलीवरचे कावळेसुद्धा उडाले. “बूट विकत घ्यायचा तर धावून बघायला लागतो. शेठाणीला विचार.”

खालून आशालताबाई चष्मा सावरत, धापा टाकत चढ चढून येत होत्या. “हेमंत! सोड त्यांचा हात! गिऱ्हाईक आहे माझं! मीच पाठवलंय त्यांना!”

हेमंतनं दंड सोडला. त्याला कुठं बघावं कळेना. “मला वाटलं...”

“काय वाटलं ते दिसलं आम्हाला,” आशालताबाई म्हणाल्या. “माझ्या दुकानातून एखादी शहरातली बाई बूट घालून निघाली असती, तर धरला असतास का हात?”

बाई फागीकडे वळल्या. “चला हो, दुकानात बसू. पाणी घ्या.”

फागी जागची हलली नाही. दंड चोळत तिनं वर बघितलं.

“चौक अजून पुढं आहे,” ती म्हणाली. “सगळ्यात कडक चढ तोच. तो धावल्याबिगर बूट कळायचा नाय.”

आणि ती निघाली. गर्दी आपोआप दुभंगली. फागी चढ धावत वर गेली, चौकाला वळसा घातला आणि उतारावरून खाली आली. उतारावर पाऊल घट्ट पडत होतं, बोटं पुढं आदळत नव्हती. ती हेमंतच्या अगदी जवळून गेली, पण त्याच्याकडे पाहिलंही नाही. भाजीवाल्या बायांपैकी एकीनं टाळी वाजवली. मग दुसरीनं. दुकानात परत आली तेव्हा फागीचा श्वास चढला होता, पण चेहरा असा उजळला होता, की आशालताबाई गल्ल्यावर बसायचंच विसरल्या.

“हाच,” फागी म्हणाली. “चिठ्ठी कापा.”

बूट घालूनच ती एसटी स्टँडवर गेली. स्लीपर पिशवीत.

पुढच्या बाजाराला ती जव्हारला आली, तेव्हा आशालताबाईंनीच तिला शर्यतीचं सांगितलं. थंडीत जव्हारच्या मंडळानं धावण्याची स्पर्धा ठेवली होती. गावातून निघून शिरपामाळाला वळसा घालून परत. पन्नाशीवरच्या बायकांचा वेगळा गट होता. “मी येणार नाही धावायला,” बाई म्हणाल्या, “पण कडेला उभी राहीन. तुम्ही नाव द्या.”

फागीनं नाव दिलं. शर्यतीच्या सकाळी पांड्या कंबर धरत धरत तिच्याबरोबर आला. मैदानात मोखाड्याच्या, विक्रमगडच्या तरण्या पोरी पाय ताणत होत्या. पन्नाशीवरच्या गटात शहरातल्या काही बायका होत्या, रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या, टोप्या घातलेल्या, हसतमुख. त्यांनी फागीला आपल्यात घेतलं, छातीवर नंबर टाचून दिला.

शिट्टी वाजली. पोरी बाणासारख्या सुटल्या. फागी घाई न करता आपल्या चालीनं निघाली. गाव संपेपर्यंत ती पार मागं होती. शिरपामाळाचा चढ लागला आणि पुढच्या पोरी कमरेवर हात ठेवून चालायला लागल्या. फागीला तो चढ म्हणजे रोजचं शेत. एकेकीला मागं टाकत ती वर गेली. माथ्यावर फोटो काढायला आलेली पर्यटक मंडळी होती, ती बाजूला झाली आणि “आजी, शाब्बास!” म्हणून ओरडायला लागली. माथ्यावरून खाली सगळा मुलूख दिसत होता, धुक्यात बुडालेले पाडे, मोकळी खाचरं. फागीला वाटलं, इतकी वर्षं या सगळ्यावर आपण ओझं घेऊन फिरलो. आज हात मोकळे आहेत.

तिच्या गटात ती पहिली आली. आणि निम्म्याहून जास्त तरण्या पोरी तिच्यानंतर आल्या. कडेच्या गर्दीत आशालताबाई पदरानं चष्मा पुसत होत्या. त्यांच्या शेजारी हेमंत उभा होता. पोरांचे बूट, पाण्याच्या बाटल्या सांभाळायचं काम मंडळानं त्याच्याकडे दिलं होतं. त्यानं पाण्याची बाटली उघडली आणि दोन्ही हातांनी फागीपुढं धरली. “मावशी, त्या दिवशी चुकलो मी.”

फागीनं बाटली घेतली, घोट घेतला. “चुकलास,” ती म्हणाली. “ध्यानात ठेव.” आणि बाटली रिकामी करून परत दिली.

माईकवाल्यानं विचारलं, “फागीबाई, सराव कोणाकडे केलात?”

“लेकीकडं,” ती म्हणाली. “पोलीस आहे ती.”

टाळ्या वाजल्या. तिथूनच तिनं हर्षदाला फोन लावला. पलीकडून बराच वेळ नुसतं हुंदके आणि हसू एकत्र ऐकू येत होतं. “आई, मी अख्ख्या बराकीला सांगते,” एवढंच हर्षदाला बोलता आलं.

परतीच्या एसटीत गर्दी होती. एका कॉलेजच्या मुलीनं उठून पांड्याला जागा दिली. पांड्या हा चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस. सरकारी माणसापुढं तर त्याला स्वतःचं नावही नीट सांगता येत नसे. कंडक्टर तिकीट फाडायला आला. त्यानं फागीच्या गळ्यातलं पदक पाहिलं, पण काही विचारलं नाही. पांड्यानं एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा कंडक्टरकडे. मग तो समोरच्या सीटची दांडी धरून, दुखऱ्या कमरेसकट उभा राहिला.

“साहेब,” तो म्हणाला, आणि पुढच्या-मागच्या सगळ्या माना वळल्या. “ही माझी बायको. शिरपामाळाची शर्यत जिंकून आली.”

“बस खाली,” फागी कुजबुजली. “कंबर दुखंल.”

“दुखू दे,” पांड्या म्हणाला, आणि साखरशेतचा फाटा येईपर्यंत तो तसाच उभा राहिला.